पीएच.डी.च्या नोंदींत आठ महिन्यांचं भोक: बुजवू, झाकू की तसंच ठेवू?

सुकती | ११ जानेवारी २०२३, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते. आज अडलंय म्हणून लिहितेय.

२०१८ ला पीएच.डी.ची नोंदणी केली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये आणि काळबादेवी या दोन खाड्यांतल्या 'तिसऱ्या' या खाण्याच्या शिंपल्यांची वाढ, आणि त्या काढून विकणाऱ्या बायकांची कमाई, असा विषय आहे. अर्धं जीवशास्त्र, अर्धा बाजार. काम अगदी साधं. महिन्यातून एकदा अमावास्येच्या उधाणाला, सुकती (ओहोटी) पूर्ण लागली की चिखलात उतरायचं. पन्नास सेंटिमीटरची लोखंडी चौकट ठेवायची, आतलं सगळं खणून चाळायचं, सापडेल ते मोजायचं, लांबी घ्यायची. दर खेपेला वीस चौकटी. कंबर आणि नखं दोन्ही कामातून जातात.

मार्च २०२० ची अमावास्या २४ तारखेला होती, दुसऱ्या दिवशी पाडवा. चाळण, बादली, चौकट दाराशी काढून ठेवली होती. राज्यात संचारबंदी लागलीच होती, पण खाडीच्या चिखलात मला कोण अडवायला येतंय, असं मी धरून चालले होते. रात्री आठला भाषण झालं आणि बाबांनी स्कूटरची किल्ली देवघरात ठेवून दिली. त्यानंतर मी थेट नोव्हेंबरमध्ये खाडीत उतरले.

आता मुद्द्याचं. माझ्या अभ्यासातल्या एक मावशी (नाव देत नाही) खाडीच्या अगदी काठाला राहतात. परड्याचं बेडं (फाटक) उघडलं की चिखल. त्यांचं जाणं थांबलं नव्हतं. मी दर अमावास्येला त्यांना फोन करायचे. किती पाट्या (टोपल्या), केवढ्या आकाराच्या तिसऱ्या, किती वेळ बसलात, हे विचारून वहीत लिहून ठेवायचे. तेव्हा खरं तर एवढंच मनात होतं की काहीतरी चालू राहू दे.

आता प्रबंध लिहायला बसलेय. मार्गदर्शक सर म्हणतात, त्या वहीला हात लावू नकोस, 'माहिती उपलब्ध नाही' असं लिही आणि पुढे चल. एका सीनियरचा सल्ला असा की फेब्रुवारी ते नोव्हेंबर सरळ रेघ ओढून मधले आकडे काढ, कोण बघतंय.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

---

देवगडकर

आमच्याकडे तेंका मुळे म्हणतत. शीर्षक वाचून माका वाटला बांगड्याच्या जाळ्याक भोक पडला. हय बघतंय तर पीएच.डी.क!

---

सड्यावरचा

सुकती, हात मिळवा. माझा विषय कातळशिल्पं. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, बारसू या पट्ट्यातले सडे, म्हणजे कातळाची पठारं. लोकांना वाटतं, दगडातली चित्रं, ती कुठे पळून जाणारेत? पळत नाहीत, पण दिसतही नाहीत. पावसात सड्यावर पाणी आणि गवत. ते वाळून बसलं की मग रेषा मोकळ्या होतात. म्हणजे खरा हंगाम हिवाळ्यापासून मेपर्यंत. त्यातले मार्च, एप्रिल, मे सरकारने घेतले. पुढच्या वर्षी दुसरी लाट, पुन्हा एप्रिल-मे गेले. दोन वर्षांत माझ्या वाट्याला सड्यावरचे एकूण चार महिने आले.

मुदतवाढ मिळाली, नाही असं नाही. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आधी ३१ डिसेंबर २०२० पर्यंत दिली, मग सहा-सहा महिन्यांनी ढकलत ३० जून २०२२ पर्यंत नेली. पण फेलोशिपची पाच वर्षं ती पाचच. लिहायला वेळ वाढवून दिला, जेवायला नाही. शेवटचं वर्ष मी भावाच्या कलमांची राखण करून काढलं.

तुमच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही. पण सरळ रेघ ओढू नका, एवढं सांगतो.

---

आगाऊ_मुंबईकर

पाटी म्हणजे किती किलो? आणि मावशींचा फोन नंबर?

---

सुकती

@आगाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं तर हा धागाच काढला नसता. दुसऱ्याचं मिळणार नाही.

---

माजी_मास्तर

तीस वर्षं शिकवलं, काही पीएच.डी. माझ्या हाताखालून गेल्या. रोखठोक लिहितो, राग मानू नये.

तुमच्या सरांचं बरोबर आहे. पद्धत एकदा ठरवली की ठरली. चौकट म्हणजे चौकट. तिच्या जागी फोनवर ऐकलेली पाटी आणली तर उद्या कोणी 'माझ्या काकांनी सांगितलं' म्हणून तापमान लिहील. शिवाय ती बाई तुम्हाला लेकीसारखी मानते, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. तुम्ही फोन केल्यावर तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती अर्धी पाटी वाढवून सांगणार नाही कशावरून?

महामारी सगळ्यांनाच होती. त्या काळात काम झालं नाही यात लाज कसली? 'उपलब्ध नाही' हे अत्यंत प्रतिष्ठित वाक्य आहे.

---

हर्णै_लिलाव

मास्तर, मासळी विकणाऱ्या बाईला माप सांगताना चुकताना बघितलंय का कधी? दहावी नापास असेल, पण टोपात किती आहे ते हात घालून सांगते. आमच्या लिलावात लाखांचे सौदे नुसत्या नजरेवर होतात.

एक मात्र खरं. सुकतीताई, तुम्ही पाट्या विचारल्यात ते बरं केलंत, वाटे विचारले असतेत तर फसला असतात. वाट्याचा भाव तोच राहतो आणि वाटा लहान होतो. महागाई अशीच येते आमच्याकडे.

---

तासिका

मास्तर, 'महामारी सगळ्यांनाच होती' हे मला जरा टोचलं. सगळ्यांना सारखी नव्हती हो.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. कॉलेजचं नाव घेत नाही. तास झाला तर पैसे. मार्च २०२० ला तास थांबले, पैसे थांबले. मग ऑनलाइन तास सुरू झाले, तर 'याची नोंद कशी धरायची याचं परिपत्रक आलेलं नाही' म्हणून तीन महिन्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत. त्याच काळात कायम असलेले सहकारी घरी बसून 'संशोधनाला छान वेळ मिळाला' म्हणत होते. मिळाला असेल. मी एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पाच डझनाच्या पेट्या व्हॉट्सॲपवर विकल्या. माझ्या विद्यार्थ्यांचे पालक गिऱ्हाईक. एकीने ऑर्डर देताना विचारलं, "सर, परीक्षा होणार का?" मी म्हटलं, "ते सरकारलाच माहीत, पेटी मात्र सोमवारी पोचेल."

२८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. मग ती पर्यायी उत्तरांची ऑनलाइन परीक्षा. आमच्या राजापूरकडच्या वाड्यांतली पोरं सड्यावर रेंज शोधत बसलेली. एकाने पेपर गुरांच्या गोठ्याच्या छपरावर चढून दिला, पास झाला, आता बँकेत आहे. एक मुलगी घरात एकच फोन, तोही भावाकडे, म्हणून राहिली. ती परत आलीच नाही. माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे काय लिहू ते मला अजून कळलेलं नाही. 'उपलब्ध नाही'?

---

फळा_खडू

विषय जरा हलका करतो.

मी तेव्हा पुण्यात होतो, संगमेश्वरी बोलीवर काम. ई-पास मिळवून जूनमध्ये गावी आलो तर ग्रामपंचायतीने चौदा दिवस शाळेत ठेवलं. मी चौथीपर्यंत जिथे शिकलो तीच जिल्हा परिषदेची शाळा, तोच चौथीचा वर्ग. बाकावर गुडघे मावेनात. लॅपटॉपचं चार्जर पुण्याला राहिलेलं. मग काय, कपाटात खडू सापडले, आणि दोन्ही फळ्यांवर मी तिसऱ्या प्रकरणाचा आराखडा मांडला. क्रियापदांचे प्रत्यय, बाण, उदाहरणं, सगळं. आयुष्यात इतकं स्वच्छ विचार करून पुन्हा लिहिलं नाही. जेवण आणणारा पोऱ्या खिडकीतून वाचायचा आणि चुका काढायचा. "आमच्यात असं नाय बोलत, ते खालच्या वाडीत." त्यातल्या दोन दुरुस्त्या प्रबंधात आहेत.

चौदाव्या दिवशी फोटो काढायचा ठरवला होता. तेराव्या दिवशी संध्याकाळी मुंबईहून नवी तुकडी आली, मला सकाळी लवकर सोडलं. चार्जर मिळवून दुपारी परत गेलो तर फळा पुसलेला. नव्या पाहुण्यांनी त्यावर पत्त्यांचा हिशेब मांडला होता.

---

देवगडकर

रे बाबा. मगे तिसरा प्रकरण रमीवर लिवलंस?

---

वाशिष्ठी

फळा_खडू, तुमचा फळा गेला, माझं कपाट गेलं.

चिपळूण. २२ जुलै २०२१. पौर्णिमेचं उधाण तोंडावर, वर घाटात ढगफुटीसारखा पाऊस, पहाटे पाणी शिरलं. घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. माझा विषय कोकणातल्या एकोणिसाव्या शतकातल्या वाचनालयांचा. लॉकडाऊनमध्ये हिंडता येत नव्हतं म्हणून जमवलेल्या नोंदींची कार्डं मी नीट विषयवार लावून तळमजल्यावरच्या कपाटात ठेवली होती. इतकी व्यवस्थित मी आयुष्यात कधी नव्हते. गावातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ च्या पुरात त्याने पुस्तकं गमावली होती, २०२१ ला पुन्हा. म्हणजे मी ज्याच्यावर लिहीत होते तेही भिजलं आणि मी जे लिहिलं होतं तेही.

चिखलातून कार्डं काढली तेव्हा शाई गेलेली, पण पेन्सिलीने लिहिलेली वाचता येत होती. तेव्हापासून पेन्सिल. मुलांनाही सांगते.

सुकती, म्हणून माझं मत मास्तरांच्या विरुद्ध आहे. जे उरलंय ते टाकू नका. कुठून, कसं, कोणाकडून आलं ते लिहा. जुन्या सरकारी गॅझेटियरातले आकडे तरी कुठून आले असतील असं वाटतं? एखाद्या तलाठ्याने कुण्या मावशीला विचारूनच ना?

---

माजी_मास्तर

वाशिष्ठीबाई, गॅझेटियर लिहिणाऱ्याला व्हायवा (तोंडी परीक्षा) नव्हती.

@तासिका: टोचलं असेल तर माफ करा. वाक्य ढिसाळ होतं. पैशांचं लेखी विचारलंत का?

---

तासिका

विचारलं. तेही विचाराधीन आहे.

---

रेंज_नाही

थोडं अवांतर. महामारीने आमच्यासारख्यांचं एक भलंही केलं. सिंधुदुर्गातून विद्यापीठात एक कागद द्यायचा तर रात्रीची गाडी, दादरला उतरून आंघोळ नातेवाइकांकडे, कलिन्याला रांग, 'शिक्का चुकलाय', परत गाडी. २०२० नंतर तोच कागद ईमेलने जायला लागला. म्हणजे आधीही जाऊ शकत होता! रत्नागिरी-सिंधुदुर्गाला वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी आहे, ते होईल तेव्हा होईल, पण तोवर निदान ईमेल तरी काढून घेऊ नका.

माझी व्हायवाही ऑनलाइनच झाली. यूजीसीने एप्रिल २०२० मध्येच परवानगी दिली होती. घरी रेंज नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बसलो, तिथे केबलचं इंटरनेट होतं. मागे रेशनकार्डाच्या कामाला आलेली माणसं. बहिस्थ परीक्षकांनी विचारलं, आणखी कोणाला प्रश्न आहेत का? मागून एक आजोबा म्हणाले, "साहेब कधी येतील?"

---

पुस्तककिडा

सुकती, टेन्शन कशाला घेता? नोव्हेंबरमध्ये यूजीसीचे नवे नियम आलेत. शोधनिबंध छापायची सक्तीच काढली, एम.फिल. बंद. सगळं सोपं झालंय.

---

रेंज_नाही

@पुस्तककिडा, अर्धवट माहिती. ७ नोव्हेंबर २०२२ चे नियम त्यानंतर नोंदणी करणाऱ्यांना. सुकतीताई २०१८ च्या, त्यांना २०१६ चेच. म्हणजे एक शोधनिबंध आणि दोन परिषदांत सादरीकरण लागणारच. सहा वर्षांची मुदत, आणि बायकांना आणखी दोन वर्षं मिळतात, ती मात्र जुन्या नियमांतही आहेत. ताई, मागून घ्या.

आणि चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्क्यांनी काढली की थेट पीएच.डी.ला प्रवेश, असंही नव्यात आहे. एम.ए. न करता. आमच्या वेळी... जाऊ दे, माजी मास्तरांसारखं बोलायला लागलो.

---

माजी_मास्तर

ऐकू येतंय.

---

मध्यक

उशिरा आलो. संख्याशास्त्र शिकवतो. सगळे प्रतिसाद वाचले, पण मूळ प्रश्नाला मास्तर, वाशिष्ठी आणि हर्णै सोडून कोणी हात घातलेला नाही.

आधी सरळ रेघेचं. फेब्रुवारी आणि नोव्हेंबर या दोन टोकांना जोडून मधले आकडे काढणं कधी चालेल? मधे काही विशेष घडत नसेल तेव्हा. तुमच्या खाडीत मधे अख्खा पावसाळा आहे. नदीचं गोडं पाणी खाडीत येतं, खारेपणा कमी होतो, शिंपले बंद होऊन बसतात, फार दिवस तसंच राहिलं तर मरतात, आणि पाऊस ओसरल्यावर नवी पिल्लं बसतात. बरोबर ना? म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी उलथापालथ नेमकी तुमच्या भोकात आहे. रेघ ओढलीत तर पावसाळा झालाच नाही असं होईल. कोकणातला परीक्षक हसेल.

आता वही. 'वापरू की नको' याआधी तिच्यात काय आहे ते बघू. सगळ्या नोंदी इथे टाका.

---

सुकती

टाकते. जशा आहेत तशाच, मावशींच्या शब्दांसकट.

मार्चला दीड पाटी, दोन तास. एप्रिलला अडीच, "मासळी नाय म्हणून अख्खा गाव खाडीत". मे, पुन्हा दीड, तास तीन, "बारीक झाली". २१ जूनला सूर्यग्रहण होतं, मावशी गेल्याच नाहीत. "गरणात कोण चिखलात जातंय." २० जुलैला गटारी, मागणी खूप, दीड तास बसल्या आणि रिकामी पाटी घेऊन आल्या. "गोडं आलंय, उघडी पडून वास मारतात." ऑगस्टला मूठभर, घरी रश्श्याला. गणपती तोंडावर, मुंबईचा पुतण्या विलगीकरणात, त्याला डबा द्यायचा म्हणून लवकर परतल्या. सर्वपित्रीला अर्धी. ऑक्टोबरला एक, पण "नखाएवढी खूप, ती सोडली".

एवढंच. मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा एक महिना चुकला, तो वेगळा.

---

मध्यक

हे 'एवढंच' नाही.

जून आणि जुलै शेजारी ठेवून बघा. दोन्ही महिन्यांत मावशींच्या घरी तिसरी आली नाही. पण जुलैला त्या गेल्या, दीड तास शोधलं आणि मिळालं नाही. ते शून्य आहे. शून्य हे मोजमाप आहे. जूनला त्या गेल्याच नाहीत. ती रिकामी जागा. दोन्हींवर 'माहिती उपलब्ध नाही' असा एकच बोळा फिरवलात तर जुलैचं शून्य, म्हणजे तुमच्या आठ महिन्यांतली सगळ्यात मोलाची नोंद, पुसली जाईल. फळा_खडूंच्या फळ्यासारखी.

माझा सल्ला. मुख्य आलेखात ही नोंद मिसळू नका, मास्तर तिथे बरोबर आहेत. चौकटीची रेघ फेब्रुवारीला तोडा, नोव्हेंबरला पुन्हा सुरू करा, मधे कोरं दिसू दे. वहीला वेगळा उपविभाग द्या, तासाला किती पाट्या असं काढून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाटीला वजन द्या. आत्ता जानेवारी आहे. मेपर्यंतच्या उधाणांना मावशींसोबत उतरा. त्या त्यांच्या पद्धतीने काढतील, तुम्ही बाजूला तुमच्या चौकटी टाका. पाटी भरली की काट्यावर ठेवा. आणि मास्तरांची शंका आहे ना, वाढवून सांगतील म्हणून? वजन करायच्या आधी त्यांना विचारा किती झाली, लिहून ठेवा, मग मोजा. फरक कळेल.

---

हर्णै_लिलाव

फरक मावशी काढतील तुमच्या काट्यात.

---

माजी_मास्तर

शून्य आणि रिकामी जागा. हं. हे मला मान्य करावं लागतंय. सुकतीबाई, सरांना हा प्रतिसाद छापून दाखवा. छापून, मोबाइलवर नको. आमच्या पिढीला कागदावरचंच पटतं.

---

सुकती | १९ फेब्रुवारी २०२३

सर तयार झाले! अट एकच, परिशिष्टात नाही तर स्वतंत्र उपविभागात, आणि पद्धतीच्या मर्यादा दोन पानं लिहायच्या.

उद्या अमावास्या. काटा घेऊन जातेय.

---

सुकती | २१ फेब्रुवारी २०२३

घोळ झालाय.

मावशी आणि मी काल उतरलो. अंदाज त्यांनी आधी सांगितला, काट्यावर पाव किलोचाही फरक पडला नाही. मी खुश. घरी येऊन चहा पिताना सहज म्हटलं, पाटी मजबूत आहे हो, किती वर्षं झाली? तर म्हणतात, "ही? ही मागल्या वर्षी घेतली. जुनी तौक्तेत गेली उडून, कौलांबरोबर."

म्हणजे मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ. माझ्या २०२० च्या सगळ्या नोंदी त्या उडून गेलेल्या पाटीच्या आहेत. ती केवढी होती?

---

देवगडकर

वादळाचो डेटा वादळान न्हेलो.

---

मध्यक

जुनी कुठून घेतली होती ते विचारा. बुरूड एकाच मापाने विणतो, हाताला बसलेलं असतं.

---

वाशिष्ठी

लग्नात किंवा त्याच सुमारास घरात दुसऱ्या कोणासाठी घेतली असेल तर जोडीने घेतात. विचारून बघा.

---

आगाऊ_मुंबईकर

दोन वर्षं हा धागा शांत. काय झालं पुढे? मी अजून नंबरची वाट बघतोय.

---

सुकती | २ मार्च २०२५

धागा वर काढल्याबद्दल आभार, आगाऊ. लिहायचं राहूनच गेलं.

वाशिष्ठीताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. जुनी पाटी सुनेच्या पाटीची जोडी होती, एकाच दिवशी एकाच बुरडाकडून घेतलेल्या. सुनेची घरीच होती, त्यात लाकडं ठेवलेली. ती रिकामी करून मे २०२३ पर्यंत सात सुकत्या तिच्यातच काढल्या. भरून साडेअकरा ते तेरा किलो. नव्या पाटीपेक्षा दोन किलो कमी. तो फरक धरला नसता तर २०२० चा एप्रिल उगाच फुगला असता.

डिसेंबर २०२३ ला प्रबंध दिला, सप्टेंबर २०२४ ला व्हायवा, समोरासमोर. बहिस्थ परीक्षकांनी चौकटींवर दहा मिनिटं घालवली आणि वहीवर चाळीस. त्यांचा पहिलाच प्रश्न, "जूनच्या रकान्यात ग्रहण असं का लिहिलंय, शून्य का नाही?" मध्यक, मी तुमचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं म्हटलं. तुम्हाला श्रेय दिलंय, पण ऋणनिर्देशात 'मध्यक' असं कसं लिहायचं म्हणून 'एक संख्याशास्त्रज्ञ मित्र' लिहिलंय. चालेल ना?

बाकी मधल्या काळात इतकं बदललं की हसू येतं. मी अर्ज केला तेव्हा विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी. सक्तीची होणार म्हणून घाई होती. ती तारीख महामारीमुळे जुलै २०२१ वरून जुलै २०२३ वर गेली, आणि जुलै २०२३ ला सक्तीच निघाली, नेट-सेट या पात्रता परीक्षा पुरे. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या ज्या केअर यादीतलं नियतकालिक शोधायला मी आठ महिने घालवले, ती यादी गेल्या महिन्यात यूजीसीने बंद केली. आणि ज्या निबंधांसाठी मी परदेशी लेखकांना गयावया करून ईमेल पाठवायचे, ते आता 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेमुळे जानेवारीपासून सरकारी विद्यापीठांत फुकट उघडतात. माझी पदवी हातात आल्यावर!

@तासिका, तुमच्या पैशांचं?

---

तासिका

विचाराधीन.

पण ती मुलगी आली परत. गेल्या जूनमध्ये. तिचा धाकटा भाऊ प्रवेश घ्यायला आला होता, त्याच्यासोबत आली आणि स्वतःचाही अर्ज भरून गेली. आता परीक्षेला बसेल.

---

मध्यक

'मित्र' चालेल. अभिनंदन, डॉक्टर. मावशींना प्रबंध दाखवलात का?

---

सुकती

दाखवला. काळं बांधीव पुस्तक बघून आधी हात पदराला पुसले. मी त्यांचं पान उघडून दिलं. पाटीचा अख्ख्या पानभर रंगीत फोटो, खाली माप. बराच वेळ निरखून बघितलं आणि सुनेला हाक मारली.

"अगो, ही बघ तुझी पाटी छापलीय. माझी नाय."